रविवारचा वस्तरा

आमच्या दुकानात मशीनखाली दोन गोष्टी साठतात. एक कतरण अन् दुसरे किस्से. कतरण रोज संध्याकाळी झाडून पोत्यात भरता येते. किस्से मात्र कोणी झाडत न्हाई. ते तिथंच पडून राहतात, अन् चहा आला की एकेक वर येतो. गेल्या दोन महिन्यांत तर इतके साठलेत की पाय ठेवायला जागा न्हाई! अन् सगळे एकाच गोष्टीपायी. एका वस्तऱ्यापायी.

फॉल-पिकोच्या दुकानात वस्तऱ्याचं काय काम, असं तुम्ही विचारणार. विचारा, विचारा. सगळ्या अंबड गावानं विचारून झालंय.

बाजारात साड्यांच्या दुकानाला खेटून आमचं दुकान. दोन मशिनी, एक टेबल अन् तीन बायका. एका मशीनवर मी, मंगल. दुसरीवर रेहाना, तिशीची पोरगी. मशीनपेक्षा तिचा मोबाईल जल्दी चालतो. अन् हूक-हेमिंगचं हातकाम शोभाकाकूंकडं. काकू साठीच्या. त्यांच्याकडं एक सुई हातात असते अन् दुसरी तोंडात, अन् तोंडातली जास्त लागते!

यंदा माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती, अन् दिवस नेमका रविवारी आल्ता. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मी पण मास्तरच म्हणते. बोलणं एकदम कमी. वर्गात सगळं बोलून टाकतात अन् घरी रिकामे येतात, असं माझं मत आहे. तर ह्या मास्तरांना मला एक जुना, अस्सल, नाव काढण्यासारखा वस्तरा द्यायचा होता. घड्याळ न्हाई, शर्ट न्हाई. वस्तराच!

का, ते सांगते. पण हे तेव्हा मी दुकानात कोणालाच पुरतं सांगितलं नव्हतं.

*

लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मास्तरांकडं त्यांच्या वडलांचा वस्तरा होता. काळ्या शिंगाची मूठ, अन् पातं असं लख्ख की त्यात बघून भांग पाडावा. सासरे मेंढरांमागं रानोमाळ फिरलेले, किमती वस्तू म्हणून त्यांनी जन्मात तेवढी एकच जपली. ते गेल्यावर ती मास्तरांकडं आली. दर रविवारी सकाळी मास्तर अंगणात उन्हाला बसायचे, खुर्चीला आरसा टेकवायचे अन् निवांत दाढी करायचे. मी दारातून बघत राहायचे. नवीन नवरी मी, बघणारच!

तेव्हा मी घरीच फॉल लावायचे. एके दिवशी शेजारणीची साडी आली. तिला दुपारच्या गाडीनं लग्नाला जायचं होतं, अन् मी घाईत फॉल लावला उलट्या बाजूनं. उसवायला ब्लेड शोधलं, सापडंना. फळीवर वस्तरा दिसला. घेतला. काय सांगू तुम्हाला, असा सरसर चालला की मला वाटलं आजवर आपण ब्लेडनं झकच मारली! अन् मधीच आवाज आला, कट्. फॉलमधी माझीच टाचणी राह्यली होती. पात्याला तांदळाएवढी खाच.

मी रडले असते तर बरं झालं असतं. मी अक्कल चालवली! रस्त्यानं सायकलवाला धारवाला चाललाच होता, त्याला हाक मारली. त्यानं ठिणग्या उडवून उडवून त्या वस्तऱ्याचा विळा करून दिला.

रविवारी मास्तरांनी वस्तरा उघडला अन् उन्हात धरला. मी म्हणाले, "तुमच्यासाठी धार लावून आणली हो, पण त्या मेल्या धारवाल्यानं वाटोळं केलं." टाचणीचं नाव काढलं न्हाई. मास्तर म्हणाले, "बरं." वस्तरा मिटला, पत्र्याच्या पेटीत ठेवला अन् सोमवारी प्लास्टिकचं रेझर घेऊन आले.

झालं! ओरडले न्हाईत, विचारलं न्हाई. एकदा चांगलं भांडले असते तर मी पण रडून खरं काय ते ओकून मोकळी झाले असते. त्यांच्या बापाची एकुलती एक आठवण मी घालवली, वर खोटं बोलले, अन् त्या बिचाऱ्या धारवाल्याला चोवीस वर्षं फुकटच्या शिव्या घातल्या. हे सगळं माझ्या पोटात तसंच राह्यलं.

दुकानात मी अर्धंच सांगितलं. म्हणलं, धारवाल्यानं वस्तरा बिघडवला अन् मास्तर मला एक शब्द बोलले न्हाईत, अजून वाईट वाटतं. तर काकू हातातलं ब्लाऊज खाली ठेवून माझ्याकडं बघतच राह्यल्या.

"माझा नवरा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तीन तीन दिवस भांडायचा. अन् तू रडून राह्यलीस, नवरा भांडत न्हाई म्हणून? असं रडायला बी नशीब लागतं बाई!"

*

रेहाना म्हणाली, "ताई, टेन्शन कायको लेते? मोबाईलवर सगळं भेटतं." अन् आठवडाभर ती फावल्या वेळात मोबाईलवर वस्तरे बघून राह्यली. तेव्हा आम्हाला कळलं की जगात वस्तरे जमवणारे शौकीन लोक असतात. कपाटं भरभरून वस्तरे!

"दाढी किती जणांची करतात?" काकूंनी विचारलं.

"स्वतःचीच."

"मंग तोंडं किती हायेत त्यांना?"

हस्तिदंती मुठीचे, शिंपल्याच्या मुठीचे, पात्यावर मोर कोरलेले, काय काय पाह्यलं. पण फोटोवरून घ्यायचा धीर मला होईना. फोटोत काय, सगळेच चांगले दिसतात. माझा लग्नाआधीचा फोटो बघा!

हे इथंच संपलं असतं. पण मोबाईलचं कसं असतं, एकदा का तुम्ही वस्तरे पाह्यले की तो तुम्हाला सोडत न्हाई. रेहानाच्या मोबाईलवर दाढीच्या जाहिराती सुरू झाल्या. दाढीचं तेल, दाढीचा कंगवा, दाढीवाले हिरो. तिचा नवरा इरफान, बॅटरीचं दुकान आहे त्याचं. माणूस असा गुळगुळीत की गालावर माशी घसरावी. तीनेक आठवड्यांनी तो रेहानाचा विसरलेला डबा द्यायला दुकानात आला, अन् आम्ही ओळखलंच न्हाई. चांगली गालभर दाढी, वर तेल लावून विंचरलेली!

रोज घरात बघून बघून रेहानाच्या ध्यानात आलं नव्हतं म्हणे. आमच्यासमोर तिनं पहिल्यांदा नीट पाह्यलं. "ये क्या हाल बनाया?"

इरफान लाजून म्हणाला, "तूच तर रोज मोबाईलवर दाढीचं तेल बघून राह्यलीस. म्हणलं, तुला आवडत असंल."

मी अन् काकू हसून हसून टेबलाखाली गेलो. तो गेल्यावर मी म्हणाले, "अगं, खरं सांगून टाक त्याला." रेहानानं मशीन सुरू केली अन् खाली बघून म्हणाली, "नको ताई. चांगला दिसून राह्यलाय."

*

मंग ठरलं की जाणकाराला विचारायचं. आमच्या समोरच गणपतभाऊचं सलून. वीस वर्षं समोरासमोर आहोत, पण आम्ही त्याचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. बायकांचं काय काम तिथं? त्या दिवशी तिघी एकदम घुसलो. बाकावरचे चार बाप्ये उठून उभे राह्यले, जणू तपासणीला साहेब आले! खुर्चीतल्या एकानं तर झटकन टॉवेल ओढून तोंडच झाकून घेतलं.

गणपतभाऊ खूश झाला. म्हणाला, "ताई, आता खरे वस्तरे कुठं राह्यले? आता अर्धं ब्लेड घालायचं अन् फेकून द्यायचं." मंग ड्रॉवरमधून त्यानं आपल्या उस्तादाचा वस्तरा काढला अन् आम्हाला शिकवणीच सुरू केली. मुठीवर भुलायचं न्हाई, म्हणाला, मूठ बदलता येते. धारेजवळ गंज असंल तर हात लावायचा न्हाई. पातं उघडून उजेडात धरायचं, धार सलग दिसली पाहिजे. नखावर हलकंच टेकवायचं. अन् शेवटी त्यानं स्वतःच्या हाताचा एक केस उपटला, पात्यावर नुसता सोडला, अन् केसाचे दोन तुकडे! आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या.

ह्या सगळ्यात टॉवेलखालचा माणूस हलंना की बोलंना. काकूंना राहवलं न्हाई. "अरे गणपत, ह्या माणसाचा जीव गुदमरंल की!" म्हणून त्यांनी सरळ टॉवेल ओढला.

खाली कोण? आमच्या शेजारच्या साडी दुकानाचे मोतीशेठ! मिशीला अन् भुवयांना काळाकुट्ट कलप थापलेला. हेच मोतीशेठ रोज गल्ल्यावर बसून सांगायचे, "आमच्या राजस्थानी खानदानात केस पिकतच न्हाईत. घरचं तूप!"

काकूंनी नीट निरखून पाह्यलं अन् म्हणाल्या, "शेठजी, ओठावर तूप सांडलंय."

*

मोतीशेठ दुसऱ्या दिवशी स्वतःहून दुकानात आले. आवाज एकदम मऊ. "मंगलबाई, ते कालचं... बाजारात बोलायचं न्हाई. अन् वस्तरा पाहिजे ना तुम्हाला? माझ्याकडं आहे. दादाजींचा."

अन् त्यांनी जी पेटी आणली, ती पाहून गणपतभाऊ समोरून दाढी अर्धी सोडून पळत आला. लांबट लाकडी पेटी, आत निळी मखमल, अन् सात खाचा. वाराला एक वस्तरा! प्रत्येक पात्यावर वाराचं इंग्रजी नाव कोरलेलं. निजामाच्या काळात आजोबांनी हैदराबादहून आणलेली. सातांतले सहाच होते. बुधवारची खाच रिकामी.

"बुधवार आमचे काकाजी गावी घेऊन गेले," शेठ म्हणाले. "तेव्हापासून काकाजी पण न्हाई अन् बुधवार पण न्हाई." सेट तसाही फुटलेलाच होता, म्हणून एक द्यायला त्यांची तयारी होती. मोबदल्यात मी त्यांच्या नातीच्या लग्नाचे सगळे ब्लाऊज शिवायचे.

आता निवडायचा कोणता? मी गणपतभाऊनं शिकवल्यासारखं पातं उजेडात धरणार, तेवढ्यात काकू पुढं झाल्या.

"सोमवार नको. मास्तरांचा उपास असतो. मंगळवारी केसाला लोखंड लावत न्हाईत. गुरुवार दत्ताचा. शनिवारचं तर नाव काढू नको!"

"शुक्रवार घ्या ना," रेहाना म्हणाली. "जुम्मा बढिया दिवस आहे."

"शुक्रवारी माझा उपास असतो."

"उपास तुमचा काकू, दाढी मास्तरांची!"

"तरी बी नको."

राह्यला रविवार. माझ्या मनात पहिल्यापासून तोच होता. रविवारी अंगणात बसणारे मास्तर माझ्या डोळ्यासमोर होते ना! मी उघडला. मूठ काळ्या शिंगाची. पातं आरशासारखं, धारेला एक डाग न्हाई. बाकीचे पाच झिजलेले अन् हा एकदम कोरा. गणपतभाऊनं तीनदा उलटसुलट करून पाह्यला. "हा वापरलाच न्हाई की कोणी!"

शेठ हसले. "रविवारी दादाजी स्वतः करत नव्हते. न्हावी घरी यायचा."

"मंग?"

"तो आपला उस्तरा घेऊन यायचा!"

*

आता काकूंचा एक नियम आहे, धारदार वस्तू हातातून हातात द्यायची न्हाई, भांडण होतं. कात्रीसुद्धा आमच्या दुकानात आधी टेबलावर ठेवायची, मंग दुसरीनं उचलायची. म्हणून शेठनी वस्तरा टेबलावर ठेवला. मी उचलला, लाल अस्तराच्या तुकड्यात गुंडाळला अन् काकूंच्या नियमानं परत टेबलावरच ठेवला. कशावर? तयार साड्यांच्या थप्पीवर! अन् शेठना सोडायला दारापर्यंत गेले.

तेवढ्यात गयाबाई आल्या. मास्तरांच्या शाळेच्याच गावच्या. पोरीचं लग्न ठरलेलं, गाडी सुटायची घाई. रेहानानं थप्पी उचलली, पिशवीत घातली, गयाबाई गेल्या. मी वळून बघते तर टेबल साफ!

रविवार चार दिवसांवर आल्ता. रेहानानं फोन लावला.

"अगं बाई, ते तुमचं व्हय?" गयाबाई म्हणाल्या. "आमच्या म्हाताऱ्यानं उघडून पाह्यला. फार आवडला त्यांना. म्हणले, दुकानवाले जाणते दिसतात, साड्यांवर नवरदेवासाठी वस्तरा फ्री देऊन राह्यलेत!"

"वापरला तर न्हाई ना?" मी ओरडले.

"न्हाई न्हाई. म्हाताऱ्याला दाढीच न्हाई आता, नुसता हात फिरवून ठेवून दिला."

म्हणलं, उद्या कोणाकडून तरी पाठवा, पण मास्तरांकडं देऊ नका, काही झालं तरी मास्तरांकडं नको! गयाबाई म्हणाल्या, "बरं बरं, बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर शाळेतून आले अन् पिशवीतून लाल गाठोडं काढून माझ्या घरच्या मशीनवर ठेवलं. "गयाबाईंच्या म्हाताऱ्यानं दिलं. तुझं अस्तर राह्यलं होतं म्हणे."

अस्तर! वीतभर लांब, लोखंडासारखं जड, अन् म्हणे अस्तर! मी मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं. ते पाय धुवायला निघून गेले. गाठ मी दहादा तपासली. म्हाताऱ्याची की मास्तरांची, काही कळंना. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "स्वतःचं गिफ्ट स्वतःच वाहून आणणारा नवरा पहिल्यांदाच ऐकला!"

*

अन् मंग आला रविवार.

सकाळी सगळ्यांना घरी पोह्याला बोलावलं होतं. काकू आल्या, रेहाना आली, दाढीसकट इरफान आला. मोतीशेठ आले, मिशी एकदम काळीभोर. गणपतभाऊ तर ब्रश, वाटी, टॉवेल सगळं घेऊन आल्ता. त्याला त्या वस्तऱ्याची पहिली दाढी बघायची होती.

माझी मात्र सकाळीच फजिती झाली. ह्या दिवसासाठी पोपटी साडी घेतली होती. शनिवारी गिऱ्हाइकांच्या गर्दीत घाईघाईनं तिला फॉल लावला. सकाळी नेसायला घेते तर फॉल उलट्या बाजूनं! हजारो साड्या हाताखालून गेल्या अन् स्वतःच्याच साडीला उलटा फॉल! साडी तशीच मास्तरांसमोर खाटेवर फेकली अन् जुनीच नेसून बाहेर आले.

मास्तर अंगणात उन्हाला बसलेले. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "पाटावर ठेव बरं का. हातात देऊ नको, भांडण होईल."

"काकू, मला तेच तर पाहिजे!" मी म्हणाले. अन् सरळ जाऊन वस्तरा मास्तरांच्या हातात दिला.

"अगं खाली ठेव, खाली!" काकू ओरडल्या.

मास्तरांनी वस्तरा उघडला. तसाच उन्हात धरला, चोवीस वर्षांपूर्वी धरल्ता तसा. काळ्या मुठीवरून अंगठा फिरवला. धार पाह्यली, पात्यावरचं नाव वाचलं. मंग मिटला.

"बरं," म्हणाले.

बरं! माझ्या डोक्याची शीरच उठली. "बरं काय, बरं? चोवीस वर्षं नुसतं बरं! तुमच्या बापाचा वस्तरा गेला तेव्हा पण बरं! एकदा तरी बोला की हो! ओरडा माझ्यावर, भांडा! तो वस्तरा धारवाल्यानं न्हाई, तो मी..."

पुढचं तोंडातून निघंना. चोवीस वर्षं घोकलेलं वाक्य, अन् ऐन वेळी अर्ध्यातच अडलं. गणपतभाऊच्या वाटीतला फेस बसून गेला. इरफान पोह्याचा घास हातात धरून तसाच उभा.

मास्तर उठले. मला वाटलं, आरशाकडं जातील. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात माझी पोपटी साडी. माझ्यासमोर खाली मांडी घालून बसले, फॉलची कड दोन्ही हातांनी चाचपली, एक टोक गुडघ्याखाली दाबून ताणून धरलं. मंग वस्तरा उघडला अन् मूठ माझ्या हातात दिली. हातातून हातात.

"घे, उसव," म्हणाले. "फक्त ह्या बारीला आधी टाचणी पाहून घे."